मानधन कोणत्या शीर्षाखाली?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर विभागाचा एक ई-मेल आला. तुमचे विवरणपत्र सदोष आहे, पंधरा दिवसांत दोष दूर करा, नाहीतर ते दाखलच झाले नाही असे समजले जाईल, असा त्याचा आशय. खाली कलम होते १३९(९). मी एका कारखान्याच्या भांडार विभागात नोकरी करतो. पगारातून कर कापला जातो, फॉर्म १६ मिळतो, त्यातले आकडे अलीकडे संगणकावर आधीच भरून येतात आणि आपण फक्त मान्य म्हणायचे. एवढ्या सरळ कामात दोष कुठून आला, हे दोन दिवस उमगले नाही.

दोष साधा होता. त्याच्या आदल्या वर्षी एका संस्थेकडची मोडी कागदपत्रे मी देवनागरीत उतरवून दिली होती. मोडीचा नाद मला पंचवीस वर्षांपासूनचा आहे. तो घरच्यांना कधी फारसा परवडला नाही. त्यातून पैसे येऊ लागले ते २०२३ नंतर. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. या संस्थेचे काम मात्र निखळ इतिहासाचे होते. मोबदला ६२,००० रुपये ठरला. त्यातून १० टक्के, म्हणजे ६,२०० रुपये, कापून ५५,८०० माझ्या खात्यात आले. कर कापला गेला, विषय संपला, असे मी धरून चाललो.

विवरणपत्रात ते ६,२०० रुपये 'भरलेला कर' म्हणून आपोआप आले. ते मी तसेच राहू दिले. ६२,००० मात्र कुठेच दाखवले नाहीत. पगारावरचा कर कंपनीने पुरता कापलेला असल्यामुळे संगणकाने ६,२०० रुपयांचा परतावा दाखवला आणि मी खूश झालो. दुसऱ्या शब्दांत, जे उत्पन्न मला मिळालेच नाही त्यावर माझा कर कापला गेला आहे, तो परत द्या, असे मी सरकारला लिहून कळवत होतो.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत लिहिणारे पुष्कळ असतात. कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेत, कोणी महापालिकेत. वर्षाकाठी दोन-चार लेखांचे मानधन, एखादे भाषांतर, एखादे व्याख्यान, पुस्तकाचे थोडेफार स्वामित्वधन, उत्तरपत्रिका तपासल्याचे पैसे. रक्कम लहान, पण प्रश्न लहान नाही. मी कर सल्लागार नाही. कायदा वाचायला लागलो तो मोडी वाचतो तसाच, एकेक अक्षर लावत. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की टीडीएस हा कर नव्हे. तो कराच्या खात्यावर घेतलेली उचल आहे. खरा कर ठरतो तो पगार आणि वरकमाई एकत्र करून, आपल्या वरच्या टप्प्याच्या दराने. माझ्या बाबतीत त्या वर्षी प्रमाणित वजावटीनंतर पगार ७ लाख ३० हजार होता. नव्या प्रणालीत त्याच्या वरच्या रकमेवर दर १० टक्के. ६२,००० वर कर ६,२००, त्यावर ४ टक्के उपकर २४८. उचल ६,२०० ची झालेली, म्हणजे मीच सरकारचे २४८ रुपये लागत होतो. ज्याचा वरचा टप्पा ३० टक्क्यांचा आहे त्याच्याकडे १० टक्के कापून गेले तरी २० टक्के आणि उपकर उरतो. तो भरायचा राहिला की व्याज सुरू होते.

आता खर्चाचा प्रश्न. त्या कामासाठी मी पुण्याच्या पुराभिलेखागारात पाच फेऱ्या केल्या, नकला काढल्या, भिंग घेतले, दोन कोश विकत घेतले. मिळून १४,००० रुपये गेले. पावत्या होत्या, कारण भांडारात काम करणारा माणूस पावती टाकत नाही. हा खर्च वजा करता येतो का? येथे मी अडखळलो. उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून होते: ही कमाई कायद्याच्या कोणत्या शीर्षाखाली येते?

प्राप्तिकर भारतात आणला १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी, १८५७ च्या उठावाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी. पण आजच्या शीर्षांचे मूळ १८८६ च्या कायद्यात आहे. त्यात उत्पन्नाचे चार भाग होते: पगार व निवृत्तिवेतन, कंपन्यांचा नफा, रोख्यांवरचे व्याज आणि उत्पन्नाचे इतर मार्ग. वकील, वैद्य, दुकानदार, सावकार सारे त्या चौथ्या भागात. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हा हाच कायदा चालू होता, आणि लेखकाला कोणी काही दिले असेल तर त्याची जागाही 'इतर' हीच होती. १९२२ च्या कायद्यात व्यावसायिक कमाईला वेगळे शीर्ष होते. १९३९ च्या दुरुस्तीने धंदा, व्यवसाय आणि 'व्होकेशन' यांना एका ओळीत बसवले. १९६१ च्या कायद्यात शीर्षाच्या नावातून 'व्होकेशन' गेले, पण व्याख्येत राहिले: व्यवसायात व्होकेशनचा समावेश होतो, असे कलम २(३६) सांगते. या शब्दाला मला मराठीत 'व्यासंग' सर्वांत जवळचा वाटतो, पण त्यात पोटापाण्याचा अर्थ येत नाही आणि 'वृत्ती' म्हणावे तर ज्योतिषी-पुरोहितांची आठवण होते.

या शब्दावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे. १९५९ च्या निकालसंग्रहांत तो सापडतो. पी. कृष्ण मेनन हे त्रावणकोरच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ वेदान्त शिकवीत. त्यांचे एक इंग्रज शिष्य त्यांच्या खात्यावर वेळोवेळी मोठ्या रकमा पाठवीत. मेनन यांचे म्हणणे असे की मी पैशासाठी शिकवत नाही, ही शिष्याने प्रेमाने दिलेली भेट आहे. न्यायालयाने म्हटले की वेदान्त शिकवणे हे व्होकेशन आहे, त्यामागे नफ्याचा हेतू असलाच पाहिजे असे नाही, आणि पैसे आले ते शिकवण्यामुळेच. सबब ते उत्पन्न आहे. 'मी हौसेने लिहितो, मानधन म्हणजे पानसुपारी' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. हौस असली तरी कर चुकत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. मेनन सातत्याने शिकवीत होते. वर्षातून एकदा, कोणी मागितला म्हणून लेख देणारा माणूस व्यवसाय करतो असे म्हणणे अवघड आहे. सातत्य, पद्धतशीरपणा, काम मिळवण्यासाठी केलेली खटपट यांवरून शीर्ष ठरते. पैसे देणाऱ्याने कोणत्या कलमाखाली कपात केली यावरून ठरत नाही. संस्थेने १९४जे हे व्यावसायिक शुल्काचे कलम लावले म्हणून मी आपोआप व्यावसायिक झालो नाही. हा गैरसमज कर भरून देणाऱ्या मंडळींतही भरपूर आहे.

त्या वर्षी ते माझे पहिलेच आणि एकमेव काम होते. म्हणून ६२,००० मी 'इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न' या शीर्षाखाली दाखवले. त्या शीर्षातही, केवळ ते उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च कलम ५७ खाली वजा करता येतो. ही तरतूद नव्या प्रणालीतही शाबूत आहे. १४,००० गेले, ४८,००० उरले. कर ४,८००, उपकर १९२, मिळून ४,९९२. कापलेल्या ६,२०० मधून १,२०८ रुपये परत मिळाले.

माझ्या एका स्नेह्यांची गोष्ट याहून महाग पडली. ते कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, लिहितातही. मानधनाचे २८,००० रुपये होते. ज्याच्याकडून ते विवरणपत्र भरून घेत त्याने सांगितले, 'सर, कलम ४४एडीए लावतो. निम्मेच उत्पन्न धरायचे, पावत्यांची कटकट नाही.' निम्मे म्हणजे १४,००० धरले गेले आणि सरांना आनंद झाला. वास्तविक ४४एडीए सर्व व्यवसायांना नाही. वकील, डॉक्टर, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल अशी त्यांची ठरलेली यादी आहे. गंमत अशी की त्या यादीतल्या 'चित्रपट कलावंत' या सदरात कथालेखक, पटकथाकार, संवादलेखक आणि गीतकार बसतात. चित्रपटासाठी कथा लिहिली तर सवलत; तीच कथा दिवाळी अंकाला दिली तर नाही. भाषांतरकार नाही, मोडीवाचक तर नाहीच.

पण सरांचे नुकसान या चुकीतून नव्हे, तिच्या सावलीतून झाले. नुसता पगार आणि इतर उत्पन्न असलेल्या माणसाला जुनी की नवी प्रणाली हे दरवर्षी विवरणपत्रातच ठरवता येते. व्यवसायाचे उत्पन्न एक रुपया जरी दाखवले तरी हे स्वातंत्र्य जाते. जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो, आणि व्यवसाय चालू असेतो नव्या प्रणालीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. शेवटच्या रात्री संगणक या फॉर्मवर अडून बसला. भरून देणाऱ्याने नवी प्रणाली निवडली आणि विवरणपत्र पुढे ढकलले. सरांची भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची दीड लाखाची वजावट, घरकर्जाचे दोन लाखांचे व्याज, आरोग्यविम्याचे पंचवीस हजार, सगळे एका टिचकीने गेले. फरक सुमारे १८,००० रुपयांचा निघाला. २८,००० च्या मानधनासाठी!

तेच मानधन त्यांनी 'इतर' मध्ये पूर्ण दाखवले असते तर वरच्या १४,००० वर २० टक्क्यांनी उपकरासह २,९१२ रुपये जास्त द्यावे लागले असते, इतकेच.

निवृत्त लेखकांच्या बाबतीतही शीर्षाने असाच फरक पडतो. वर्षअखेर टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा अधिक कर निघत असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखांना हप्त्याने आगाऊ भरायचा असतो. साठी ओलांडलेल्यांना यातून सूट आहे, पण व्यवसायाचे उत्पन्न नसेल तरच. नोकरदारांसाठी सोपा उपाय आहे: वरकमाईचा आकडा कार्यालयाच्या लेखा विभागाला लिहून द्यायचा. कलम १९२(२बी) प्रमाणे ते पगारातूनच जास्तीचा कर कापतात. हा उपाय फार थोडे लोक वापरतात, कारण आपण बाहेर काय मिळवतो हे कार्यालयाला कळू नये असे बहुतेकांना वाटते. सरकारी नोकरांची भीती तर विशेष. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक साहित्यिक किंवा कलाविषयक कामाला पूर्वपरवानगी लागत नाही, फक्त नोकरीच्या कामात त्याने बाधा येऊ नये. लपवण्यासारखे त्यात काही नसते.

२०२५-२६ च्या हिशेबात एक नवाच खड्डा आहे आणि त्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसूट आहे. प्रमाणित वजावट ७५,००० धरली की १२ लाख ७५ हजार पगार असलेल्याला कर शून्य. ही बातमी सर्वांनी वाचली. समजा असा पगार असलेल्या एखाद्या बाईंना वर्षात १०,००० रुपये मानधन मिळाले. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले. सूट गेली आणि टप्प्यांनुसार कर ६१,५०० निघाला. कायदा येथे थोडी दया दाखवतो: १२ लाखांच्या वर जितकी रक्कम, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर १०,०००. पण उपकर त्यावर वेगळा, ४०० रुपये. दहा हजारांच्या मानधनावर दहा हजार चारशे रुपये कर! साधारण १२ लाख ७० हजारांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत प्रत्येक रुपयामागे एक रुपया चार पैसे असे हे चालते.

माझ्या एका लेखिका मैत्रिणीला हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, 'मग मानधन परतच करते.' परत करून किंवा दान देऊन उपयोग नाही, मिळालेले ते मिळाले. उपयोग आहे तो खर्चाचा. त्या लेखांसाठी पुस्तके, प्रवास, टंकलेखन यांवर ४,००० गेले असतील आणि पावत्या असतील, तर करपात्र रक्कम १२ लाख ६ हजार होते आणि कर ६,२४०. एरवी चार हजारांच्या पावत्यांनी करात फार तर हजार-बाराशे वाचतात. या खड्ड्यात ४,१६० वाचतात. बचत खात्याचे व्याजही याच बेरजेत येते, तेव्हा १२ लाखांच्या काठावर असलेल्यांनी मार्चच्या आधी एकदा पासबुक उघडावे.

स्वामित्वधनाची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते सर्वांत विसंगत. कलम ८०क्यूक्यूबी लेखकांना पुस्तकाच्या स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत वजावट देते. ती जुन्या प्रणालीतच मिळते, आणि प्रकाशकाकडून फॉर्म १०सीसीडी मध्ये दाखला घ्यावा लागतो. ठोक रक्कम नसेल तर विक्रीमूल्याच्या १५ टक्क्यांपुरतेच स्वामित्वधन धरले जाते. मराठीत त्याहून जास्त देणारा प्रकाशक शोधावा लागेल, तेव्हा ही अट कोणाला जाचत नाही. पुस्तकाच्या व्याख्येतून नियतकालिके, मार्गदर्शके, शालेय पाठ्यपुस्तके वगळली आहेत. दिवाळी अंकातल्या लेखाला सवलत नाही, तोच लेख संग्रहात गेला की त्याच्या स्वामित्वधनाला आहे. खरी मेख पुढे आहे. कलमाची भाषा म्हणते की हे उत्पन्न लेखकाने 'आपल्या व्यवसायाच्या' ओघात मिळवलेले असावे. म्हणजे सोपे पडते म्हणून स्वामित्वधन 'इतर' मध्ये टाकले, तर या सवलतीवरचा हक्क सांगताना अडचण येऊ शकते. आणि सवलतीसाठी 'व्यवसाय' म्हटले, तर सरांना अडवणारा फॉर्म १०-आयईए तुमच्याही दारात उभा. नोकरी करून लिहिणारा लेखक हा प्राणी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, असे मला हे कलम वाचताना दर वेळी वाटते. मराठीत तर जवळजवळ सगळे लेखक तसेच आहेत.

माझ्यापुरते सांगायचे तर २०२४-२५ मध्ये मोडीची कामे दर महिन्याला येऊ लागली. खासगी माणसे घरातली जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे घेऊन येतात, पानाप्रमाणे पैसे देतात. ती कर कापत नाहीत, त्यांनी कापायचाही नसतो. त्यामुळे ही रक्कम विभागाच्या वार्षिक माहितीपत्रात कुठेच दिसत नाही. दिसत नाही म्हणून उत्पन्न नाही असे होत नाही. आता हा व्यवसायच आहे, हे मी मान्य केले आणि विवरणपत्र आयटीआर-३ मध्ये भरले. माझ्याजवळ घरकर्ज नाही, नवी प्रणालीच सोयीची आहे, म्हणून प्रणालीचे स्वातंत्र्य गेल्याचे दुःख नाही. ज्यांना ते आहे त्यांनी आधी दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत. व्यवसाय यादीबाहेरचा असेल आणि त्याचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, जमा पंचवीस लाखांच्या आत असेल तर रीतसर हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. मी दोनशे पानी एक वही ठेवतो: तारीख, काम, कोणाकडून, किती, कापले किती, आणि समोरच्या पानावर खर्च.

या वहीत 'तारीख' हाच रकाना सर्वांत त्रासाचा ठरला. फेब्रुवारीत दिलेल्या एका कामाची रक्कम संस्थेने ३१ मार्चला आपल्या वहीत माझ्या नावे टाकली आणि कर कापला. धनादेश आला जूनमध्ये. रक्कम वहीत जमा केली किंवा दिली, यातले जे आधी घडेल तेव्हा त्यांनी कर कापायचा असतो, म्हणून त्यांची चूक नाही. मी मात्र पैसे हाती येतील तेव्हाचे उत्पन्न अशी पद्धत ठेवली आहे. मग कर एका वर्षी दिसतो, उत्पन्न दुसऱ्या. नियम ३७बीए सांगतो की कापलेल्या कराचे श्रेय उत्पन्न ज्या वर्षी दाखवाल त्या वर्षी मिळेल. आयटीआर-३ मध्ये टीडीएसच्या तक्त्यात ते पुढे ओढण्याचा रकाना आहे. तो भरला नाही तर फॉर्म २६एएस मध्ये पडलेली रक्कम तिथेच राहते. उलटही घडते: आपण उत्पन्न आधी दाखवतो आणि देणारा कर दोन वर्षांनी कापतो. त्यासाठी आता फॉर्म ७१ आहे. ज्या वर्षी कर कापला ते संपल्यापासून दोन वर्षांच्या आत तो भरावा लागतो. आणि देणाऱ्याने कापलेला कर सरकारकडे भरलाच नाही तर? कलम २०५ प्रमाणे तेवढा कर तुमच्याकडून पुन्हा मागता येत नाही. पण कापल्याचा पुरावा हवा, म्हणून कपातीचा उल्लेख असलेले पत्र किंवा पावती मी आता मागून घेतो. मागताना संकोच वाटायचा, तो गेला.

एप्रिल २०२५ पासून १९४जे ची मर्यादा एका देणाऱ्याकडून वर्षाला ३०,००० ऐवजी ५०,००० झाली आहे, त्यामुळे बहुतेक मानधनांतून यापुढे कपातच व्हायची नाही. पॅन न कळवल्यास मात्र, कपात लागू असेल तिथे, ती २० टक्क्यांनी होते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा. त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत आणि आर्थिक वर्ष व करनिर्धारण वर्ष या जोडीऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द आहे. शीर्षे मात्र तीच आहेत.

या लेखाचे मानधन मार्चच्या आधी आले तर वहीत एकोणिसाव्या पानावर, नंतर आले तर नव्या वहीत.